घडी

मेज एकोणीस पावलं लांब आहे.
त्यावर रोज सकाळी हिरवट-राखाडी कापड पसरतं,
आणि मी त्याची घडी घालते.

आधी दोर मोजायचे. अठ्ठावीस.
मग परत मोजायचे, कारण पहिल्या खेपेला माणूस
घरच्या गळक्या नळाचा विचार करत असतो.
मग पटावर पट,
तळहातानं हवा बाहेर लोटत, आतून कडेकडे,
वर वाळूच्या पिशव्या, कापड उठू नये म्हणून.
शेवटी कार्डावर सही: ओ. लाउरकाद.

इथला नियम साधा आहे.
कुणीही साहेब केव्हाही येतो,
फळीवरची कुठलीही पिशवी उचलतो,
सही वाचतो, म्हणतो, चला बाई, विमान उभं आहे.
बावीस वर्षांत सहा वेळा मी उडी मारली
माझ्याच सहीच्या भरवशावर.
एक, दोन, तीन,
चौथ्याला खांद्यांना हिसका,
आणि खालून हळूहळू वर येणारं मक्याचं रान,
मागे पिरेनीजचा बर्फ, जसाच्या तसा.

ती मुलं मात्र रात्री येतात.
नावं सांगत नाहीत. दाढ्या वाढलेल्या असतात,
त्यावरून आम्ही ओळखायचं, लांब कुठंतरी.
एकाला मी ओळखते. कासनाव बेकरीतला तिबो.
लहानपणी सुट्टे पैसे चुकीचे द्यायचा.
त्यानं माझ्याकडे पाहिलं
पाहुण्या गावातल्या घड्याळाकडे पाहावं तसं.

टीव्हीवरचा जाणकार सांगतो,
आता आघाडी नाही, खंदक नाहीत,
बारा माणसं, एक घर, वीस मिनिटं.
बोटांची चिमूट करून दाखवतो
युद्ध केवढं झालंय ते.
चवीपुरत्या मिठाएवढं.
कुणाच्या ताटात, ते तो सांगत नाही.

मला कळतं ते कापडाकडून.
बहुतेक छत्र्या तिकडेच पुरतात.
काही येतात, पोत्यांत कोंबलेल्या.
झटकल्या की लाल वाळू,
बोटभर लांब काटा, शेळीच्या लेंड्या,
एकदा टोळाचा पाय.
एकदा बाजरीचे दाणे, ओंजळभर.
म्हणजे शेतात उतरले.
म्हणजे पीक उभं होतं.

तिबो परत आला, थंडीत.
बेकरीच्या मागच्या दारात सिगारेट ओढत होता.
म्हणाला, तुमचीच होती ना ती?
मी म्हटलं, कार्डावर असेल.
उघडली, म्हणाला.
आणि आत जाऊन आईच्या पाठीमागे
पिठाची पोती उगाचच इकडची तिकडे करू लागला.

गेल्या मंगळवारी एक मोठी छत्री आली,
सामान उतरवायची. गावातून परत आणलेली, चिठ्ठीवर इतकंच.
पोत्यात कोंबलेली नव्हती.
चादरीची घालतात तशी घडी होती,
अर्ध्यावर अर्धी, पुन्हा अर्धी, कडेला कड,
आणि तिला धुराचा वास होता, चुलीच्या,
दारूगोळ्याचा मला पाठ आहे, तो नव्हता.

उलगडली. मधे एक चौकोन नाही.
फाटलेला नाही. कात्रीनं कापलेला,
कडेनं निळ्या खडूची रेघ,
आधी मापून घेतलं होतं कुणीतरी.
मी हात ठेवून पाहिला.
सहा-सात वर्षांच्या पोराची पाठ, फार तर.

म्हणजे ठेवून दिली होती तिनं, पुढच्या कपड्यांसाठी.
म्हणजे आपले लोक तिच्या घरात शिरले, तेव्हा ती पेटीत होती
किंवा उशाशी.
सदऱ्याचं पुढे काय झालं
ते कापडाला माहीत नाही.

तक्त्यात रकाने आहेत: फाटलं, जळलं, कुजलं, हरवलं.
मी पेन उघडून बसले. जेवणाची घंटा झाली.
दुपारी साहेबांनी विचारलं, अजून मेजावरच?
मग मी तिच्याच चुण्यांवरून
अर्ध्यावर अर्धी, कडेला कड,
होती तशी मिटली आणि वरच्या फळीवर ठेवली.
कार्ड लावलंय. तारीख घातली आहे.
सहीच्या जागी काही लिहिलेलं नाही.
ही घडी माझी नाही.